भिंगरीचा निम्मा सामना

दि. ६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पोचलं म्हणण्यापेक्षा तुझ्या भावजयीने कचेरीतून पर्समध्ये घालून आणलं. पोस्टात नोकरी करणारी बायको असली की पत्र लवकर मिळतं, फक्त आपल्या आधी तिने ते हातात धरून जोखलेलं असतं. पाकीट जड आहे, म्हणजे वन्संनी तुम्हाला पुन्हा झापलेलं दिसतंय, असं म्हणाली. अंदाज बरोबर होता.

चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या माणसाने मुलांच्या फुटबॉलची उठाठेव का करावी, असं तू विचारतेस. अगं, मैदान दुकानाच्या समोर आहे. दिवसभर भिंगं घासायची आणि संध्याकाळी मोठी माणसं पोरांवर खेकसताना ऐकायची, हे मला सोसवेना. म्हणून तर ही लीग काढली. यंदा तिचे नियम छापूनच घेतले. तू हसणार हे ठाऊक आहे, तरी सांगतो.

नाव लागलेल्या प्रत्येक मुलाला निम्मा सामना खेळायला मिळालाच पाहिजे, मग ते मूल स्वतःच्याच पायात पाय अडकून पडणारं का असेना. मैदानात सात, संघात नावं आठ, त्याच्या वर एकही नाही. एका बाजूला मूल कमी पडलं तर दुसऱ्या बाजूनेही एक बसवायचं. संघ चिठ्ठ्या टाकून पाडायचे, म्हणजे मला का नाही घेतलं म्हणून कोणी रडत घरी जायचं नाही. आणि एकदा लागलेलं नाव हंगाम संपेपर्यंत कोणी काढायचं नाही. आई आणि वडील दोघांनी सह्या करून दिल्या तरच ते निघेल. गेल्या वर्षी एका शिक्षकांनी एका ढिल्या पोराचं नाव गुपचूप उडवलं होतं, तेव्हापासून हा नियम मी फार घट्ट धरला आहे.

पालकांनी दोरीपलीकडे उभं राहायचं, टाळ्या दोन्ही बाजूंना वाजवायच्या आणि ओरडायचं नाही. जो ओरडेल त्याच्या तोंडात लिंबाची गोळी. हा शेवटचा नियम तुझ्या भाचीचा. ती खेळता खेळता धावत दोरीपाशी जाते, ओरडणाऱ्याला गोळी देते आणि पुन्हा धावत जागेवर येते. गेल्या हंगामात नळजोडणीवाल्याने इतक्या गोळ्या खाल्ल्या की त्याच्या बायकोने येऊन माझ्याकडे तक्रार केली.

चारही संघांची मापं सोबत आहेत. तुझ्या कारखान्यात गणवेशांचं कापड उरतं, त्यातून शर्ट होतील तर बघ. सगळे ठीक. तुझी ओरड अशीच चालू राहो, तिच्याशिवाय करमत नाही.

तुझा,
भाऊ

ता. क. – ती. आत्यास भिंगरीचा सा. न. बाबा लिहिणार नाहीत म्हणून मीच लिहिते. मला पिवळा शर्ट पाहिजे आणि आठ नंबर. आणि आतून खिसा, गोळ्यांसाठी. मी मोज्यात ठेवायचे तर त्या घामाने चिकटायच्या आणि मग मोठी माणसं खायला कां कूं करायची. खिसा बाबांना दिसायला नको, ते म्हणतील नियमात नाही. मी डावीकडून खेळते. तू ये आणि दोरीमागे उभी राहून जोरात ओरड, म्हणजे तुला पण गोळी देईन.


दि. १५ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अ. उ. आ.

पार्सल पाठवते आहे. सोडताना कात्री लावू नकोस, हाताने सोड. मागल्या वेळी दोन बाह्यांना भोकं पाडून मलाच दोष दिला होतास.

नियम वाचले. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बायकांना वाचून दाखवले. गोळीच्या नियमावर सगळ्या खूश आहेत, आमच्या सुपरवायझरला लावता येईल का म्हणून विचारत होत्या. तू मुळात असाच. खिडकीच्या कट्ट्यावर कोणी किती वेळ बसायचं याचे नियम तू लहानपणी भिंतीवर खडूने लिहिले होतेस आणि आईने ते भिजल्या फडक्याने पुसले, तर तू रडून घर डोक्यावर घेतलंस. आता भिंतीऐवजी छापखाना मिळालाय, एवढाच फरक. तरी मनापासून सांगते, नियम चांगले आहेत. आपण शाळेत असताना असं कोणी केलं असतं तर मी पण खेळले असते.

आमच्या पोस्टमास्तरीणबाईंना माझा आशीर्वाद. पाकिटाचं वजन करणं बंद कर म्हणावं, चार ओळी स्वतः लिही.

यापुढचं भाऊने वाचायचं नाही. भिंगरे, आठ नंबर पिवळ्यावर निळ्याने काढलाय. खिसा डाव्या हाताला आतून आहे, बाहेरून शिवणही दिसणार नाही. दोनदा भरून बघितलं, दहा गोळ्या आरामात बसतात. मे महिन्यात सुट्टी काढून येते आणि असं ओरडते की तुझा खिसा रिकामा होईल.

भाऊ, आता पुन्हा वाच. आमची आठवण काढत जा, आणि पोरीला मारू नका उगाच अभ्यासावरून.

तुझी,
ताई


दि. २१ मार्च

ताई,

वरचा मायना सुटला आहे. लिहायला घेतला तर हात पुढे जाईना. सा. न. आहे असं धरून चाल.

तू परत गेल्यावर घर फार मोठं झालं. तू होतीस तोवर कोणी ना कोणी येत होतं, दार वाजत होतं. आता भिंगरीच्या खोलीचं दार तिनेच उघडं ठेवलं होतं तेवढंच उघडं आहे, आम्ही दोघं त्याच्यासमोरून जातो. डॉक्टरांनी परवा पुन्हा बोलावून नीट समजावलं. भिंगरीला साधा ताप होता, तो हृदयापर्यंत गेला आणि तिला घेऊन गेला. हे आधी कोणालाच कळलं नसतं, असं ते म्हणाले. त्यांनी ते मला बरं वाटावं म्हणून सांगितलं, पण कोणावर तरी रागावता आलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटतं. तुझी भावजय कामावर जाते, येते, भिंतीकडे तोंड करून पडते. एका घरात दोन भाडेकरू राहावेत तसे आम्ही राहतो. तू पाठवलेला शर्ट कपाटात आहे, त्याची घडीही मोडलेली नाही.

यंदा लीग नको, असं सगळे म्हणाले. मी ऐकलं नाही. इतक्या मुलांची नावं लागली आहेत. शनिवारी पहिला सामना झाला, पिवळे विरुद्ध हिरवे. मीच पंच होतो.

प्रत्येक अर्ध्याच्या सुरुवातीला मी शर्टाचे नंबर पुकारतो, मुलं हात वर करतात. पहिल्या अर्ध्यात पिवळ्यांचे सातही जण होते. दुसऱ्या अर्ध्याला आले तर सहाच. एक मुलगा बाहेर बसलेला. त्याला लागलं का म्हणून विचारलं, तर ढब्बू, म्हणजे आमचा गोलकीपर, पुढे आला. म्हणाला की भिंगरीचं नाव लागलेलं आहे, मग निम्मा सामना तिचा. नियमात तसंच आहे. ते आळीपाळीने एकेक जण बाहेर बसणार आहेत आणि डावी बाजू तिच्यासाठी ठेवणार आहेत.

ताई, मी त्यांना समजवायला हवं होतं. पण पोरगं इतक्या सरळ बोललं, हसलं नाही, रडलं नाही. माझाच नियम मला वाचून दाखवला. मी नंबर पुकारले, आठ पुकारला, थोडा थांबलो आणि शिट्टी वाजवली. हिरव्यांची कप्तान, बेकरीवाल्याची मुलगी, तिने लगेच आपला एक जण बाहेर काढला, समोर एक कमी आहे म्हणून. तोही नियमच. दोरीपलीकडे कोणी टाळीसुद्धा वाजवली नाही.

पत्र टाक.

भाऊ


दि. २९ मार्च

चि. भाऊस,
अ. आ.

तुझं पत्र मी मशीनवर बसून वाचलं आणि उरलेला दिवस एकही शिवण सरळ गेली नाही. देव त्या ढब्बूचं भलं करो. आपल्यासारख्या म्हाताऱ्यांना जे सुचत नाही ते या पोरांना सुचलं.

पण भाऊ, तू जेवतोस का? झोपतोस का? तुझी दोन्ही पत्रं मी शेजारी ठेवून बघितली, अक्षर किती बारीक झालंय तुझं. आणि तिला बोलतं कर. ती आधीच अबोल. तू पण मुका झालास तर त्या घरात बोलायचं कोणी? मी तिला वेगळं पत्र टाकलं होतं, उत्तर नाही आलं. रागावले नाही मी. तिला सांग, पाकिटात कोरा कागद घालून पाठवला तरी चालेल.

इकडे सगळं तसंच. खिडकीशी बसून मी रोज दोघांची काळजी करते, ती काही कमी व्हायची नाही.

तुझी,
ताई


दि. १२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

एक अडचण आली आहे. तुझ्याशिवाय कोणाला सांगणार?

इथल्या बस डेपोत एक नवीन चालक बाई बदलून आल्या आहेत. चष्मा करायला दुकानात आल्या, बरोबर मुलगी. साधारण आपल्या भिंगरीएवढीच. बाई भिंतीवरची अक्षरं वाचत होत्या तेवढ्या वेळात तिने मला लीगचे इतके प्रश्न विचारले की बाईंचा नंबर मी दोनदा चुकीचा काढला. शाळेतली पोरं तिला टकळी म्हणतात. नाव अगदी बरोबर ठेवलंय. आधीच्या गावात रोज खेळायची. इथे कोणीच ओळखीचं नाही, संध्याकाळी आई बसवर असते आणि ही जिन्यात बसून असते. बाईंनी विचारलं की हिला घेता का.

चारही संघांत आठ-आठ नावं भरलेली आहेत. मी तसं सांगितलं. त्या माऊलीला काही माहीत नव्हतं, ती बरं म्हणून गेली. मुलगी मात्र दारातून परत आली आणि म्हणाली की शनिवारी तिने बघितलं, पिवळ्यांच्यात दुसऱ्या अर्ध्यात एक जागा रिकामी असते, मग भरलेली कशी?

पुढच्या आठवड्यात बघू म्हणालो.

नाव काढायचा कागद मी घरी आणला. आईची सही, वडिलांची सही, असा माझाच छापलेला. लीग चालवणाऱ्याने मुलीच्या बापाला पाठवायचा, म्हणजे मीच मला. जेवणाच्या टेबलावर ठेवला. तुझ्या भावजयीने वाचला. त्याच्यावर वर्तमानपत्र ठेवलं आणि भांडी घासायला गेली. मी सुद्धा तो पुन्हा बाहेर काढला नाही. हंगाम मे अखेर संपतो.

काय करू ते सांग. तुझ्या शब्दाची वाट बघतो.

भाऊ


दि. १९ एप्रिल

चि. भाऊस,
अ. आ.

स्पष्ट लिहिते आहे, रागावलास तर रागाव.

कापड कमी पडलं की आम्ही जोड देतो. अंगाला बसत नाही म्हणून कोणी माणूस कापत नाही. आठाच्या जागी नऊ नावं कर. तुझे नियम तूच लिहिलेस, कोणी आकाशातून टाकलेले नाहीत. भिंगरीचं नावही राहील आणि त्या पोरीला खेळायलाही मिळेल.

आणि हे तुला ठाऊक नाही असं नाही. तुला ठाऊक आहे आणि तरी तू मला विचारतोस, याचा अर्थ काय तो मला कळतो. तू नियमाच्या आड लपतो आहेस, भाऊ. तुला तिचं नाव तिथे हवंय. मग तसं म्हण ना. हवंय म्हणण्यात लाज कसली? पण जिन्यात बसलेल्या पोरीला जागा भरली आहे असं सांगू नकोस. भिंगरीने हे ऐकलं असतं तर तुझ्या तोंडात गोळी घातली असती.

एवढं लिहून मीच रडले. आता पुरे. तुझ्यावर माया आहे म्हणून बोलते, हे वेगळं सांगायला नको.

ताई


दि. २५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हो. हवंय.

दर शनिवारी दुसरा अर्धा सुरू झाला की मी आठ पुकारतो आणि डावीकडे बघतो. आठवड्यात तेवढाच वेळ ती असते. बाकी सगळीकडे ती नाही, घरात नाही, दुकानात नाही, रस्त्यात नाही. तो निम्मा सामना मी कोणाला देऊ आणि का देऊ?

नऊ नावांचं म्हणशील तर ते होणार नाही. हंगामाच्या मध्ये स्वतःच्या घरासाठी नियम वाकवला तर उद्या दुसऱ्याला कोणत्या तोंडाने अडवू? हे लपणं आहे म्हणतेस, तर लपणं. मला सध्या लपायलाच हवं आहे.

तुझ्यावर रागावलो नाही. दोन दिवस रागावलो होतो.

भाऊ


दि. ९ मे

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तुमची तिन्ही पत्रं माझ्यापाशी आहेत. उत्तर दिलं नाही याचा राग मानू नका. रोज दुसऱ्यांची शेकड्यांनी पत्रं हातातून जातात आणि स्वतःची चार ओळी लिहायची म्हटलं की माझं डोकं बंद पडतं. आज काही झालं तरी लिहायचं ठरवून बसले आहे.

ह्यांनी तुम्हाला त्या कागदाबद्दल लिहिलं असणार. तुम्हाला वाटलं असेल, आई असून हिला एवढंही कळत नाही. वन्सं, माझ्या टेबलावर परत आलेली पाकिटं येतात. त्यांच्यावर मी शिक्का मारते, या पत्त्यावर राहत नाही. इतकी वर्षं मारते आहे, कधी काही वाटलं नाही. तो कागद बघितला आणि मला तो शिक्काच दिसला. माझ्या पोरीवर मी तो कसा मारू?

गेल्या आठवड्यात त्या बसचालक बाई खिडकीवर आल्या होत्या, मनिऑर्डर करायला. मुलगी बरोबर होती. आईचं लक्ष पैसे मोजण्यात होतं. मुलीने खिडकीच्या जाळीला नाक लावून मला विचारलं की नाव काढायच्या कागदावर जिची सही लागते त्या आई तुम्हीच का, तिला पोरांनी सगळं सांगितलेलं. मी हो म्हटलं. त्यावर ती म्हणाली की घाई नाही, पण हंगाम संपत आला आहे. आईने तिला मागे ओढलं, माझी किती वेळा क्षमा मागितली. मला त्या मुलीचा इतका राग आला की मी मागच्या खोलीत थैल्यांमध्ये जाऊन रडले. आणि रडता रडता लक्षात आलं की एवढ्या दिवसांत माझ्याशी कोणी सरळ बोललंच नव्हतं. सगळे हळू आवाजात बोलतात, नाहीतर विषय बदलतात.

शनिवारी मी मैदानावर गेले. ह्यांना सांगितलं नाही. पाण्याच्या टाकीमागे उभी राहिले. वन्सं, मला वाटलं होतं तिची रिकामी जागा बघून मला बरं वाटेल, ह्यांना वाटतं तसं. पहिल्यांदा वाटलंही. ह्यांनी आठ पुकारला तेव्हा मी टाकीला धरून उभी होते. पण मग मी मुलांकडे बघत राहिले. ढब्बू बॉल पकडायचा आणि डावीकडे टाकायचा, तिथे कोणी नाही, बॉल आपला घरंगळत रेषेबाहेर जायचा. समोरची मुलं तो आणायला धावायची नाहीत. जरा थांबायची, मग चालत जायची. कोणी हसत नव्हतं. कोणी एकमेकांना ढकलत नव्हतं, चिडवत नव्हतं. दहा वर्षांची मुलं, आणि आजाऱ्याच्या खोलीत वावरावं तशी खेळत होती. बाहेर बसलेला मुलगा गवत उपटत होता. ती मुलं भिंगरीला सांभाळत होती, वन्सं. आणि दमली होती. आम्ही दोघं मोठी माणसं आमचं ओझं त्या मुलांच्या खांद्यावर टाकून बाजूला झालो, असं मला वाटलं. भिंगरीला असलं खेळणं एक मिनिट आवडलं नसतं.

घरी येऊन वर्तमानपत्राखालचा कागद काढला आणि सही केली. पेन ह्यांच्यापुढे ठेवलं. ह्यांनी चष्मा काढला, पुसत बसले. चष्मेवाल्याच्या चष्म्याला पुसण्यासारखं काय असतं? तसाच उठून गेले. कागद अजून टेबलावर आहे, एका सहीचा. मी जबरदस्ती करणार नाही. तुम्ही मात्र ह्यांना दोन शब्द लिहा, तुमचं ऐकतात.

आणखी एक. तिचा शर्ट आज हातात घेतला. आतला खिसा मला माहीत नव्हता.

तुमची,
पोस्टमास्तरीण


दि. १४ मे

चि. सौ. पोस्टमास्तरीणबाईंना,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं, मला किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही. सगळं वाचलं, पुन्हा वाचलं. भाऊला मी काही लिहिणार नाही. मी एकदा बोलले, ते पुरे झालं. आता त्याला बोलायचं ते तूच, आणि बोलायची गरज पडली नाही तर नुसती शेजारी उभी राहा.

शर्टाचं काय करायचं हे सर्वस्वी तुझ्याकडे. तो ठेवायचा असेल तर ठेव. मी त्या मुलीसाठी दुसरा बेतून ठेवला आहे, कळवलंस की पाठवते. खिसा भिंगरीने मागितला होता. बापाला कळू द्यायचा नाही, असा आमचा आत्या-भाचीचा करार होता, आता तूही त्यात आलीस.

मला याच महिन्यात यायचं होतं. मी ओरडणार होते. असो.

दोघांना पोटाशी धरून,
ताई


दि. ३१ मे

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

काल हंगामाचा शेवटचा सामना झाला. तुम्हाला लगेच लिहायचं होतं, पण काल घरी आल्यावर आम्ही दोघं बोलत बसलो. बोलत बसलो, असं लिहितानाही नवल वाटतं.

शुक्रवारी जेवताना ह्यांनी मला विचारलं की उद्या दोरीपाशी येशील का. टाकीमागे नको, दोरीपाशी. म्हणजे त्या दिवशी ह्यांनी मला बघितलं होतं. मी येते म्हणाले. तेव्हा ह्यांनी सही केली. एका दमात केली नाही, आडनावापाशी थांबले, मी हातावर हात ठेवला. मग दोघं रडलो, पहिल्यांदाच एकत्र. इतके दिवस हे एका खोलीत आणि मी दुसऱ्या, असं चाललं होतं.

शर्ट तुमच्याकडून मागवला नाही. तोच दिला. कपाटात ठेवून तो कोणाचा होणार होता? मी इस्त्री केली, आठ आकड्यावरून हलक्या हाताने फिरवली. बरणीतल्या लिंबाच्या गोळ्या काढून खिशात भरल्या. भिंगरीला आलेलं तुमचं पत्र आता वाचलं, त्यात म्हणता तशा दहा बसल्या. सकाळी बसचालक बाईंच्या जिन्यात जाऊन टकळीच्या हातात दिला आणि सांगितलं की हा भिंगरीचा शर्ट आहे, खिशाचं काय करायचं ते ढब्बू सांगेल. तिने एकदाच विचारलं, भिंगरी कशी खेळायची. मी सांगितलं, फार पळायची आणि बॉल कोणाला द्यायची नाही. ते ऐकून ती खूश झाली, म्हणाली की तीही देत नाही.

पहिला अर्धा जुन्या सातांनी खेळला. दुसऱ्या अर्ध्याला एक जण नेहमीप्रमाणे बाहेर आला आणि टकळी आत गेली. ह्यांनी नंबर पुकारायला सुरुवात केली. सातपर्यंत आले आणि थांबले. सगळं मैदान थांबलं. ढब्बू मान खाली घालून उभा होता. ह्यांच्या तोंडून आठ बाहेर पडेना. बराच वेळ झाला असेल, कारण टकळीने पुकारायची वाटच बघितली नाही. हात वर केला आणि आहे म्हणून ओरडली. ह्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. शिट्टी वाजली.

ढब्बूने पहिला बॉल डावीकडे टाकला. तो रेषेकडे घरंगळायला लागला आणि तिने तो अडवला. वन्सं, मुलांमध्ये एकदम गोंधळ उडाला. समोरच्यांना सवयच राहिली नव्हती, ती चालत येत होती. मग बेकरीवाल्याची पोर ओरडली, सगळी धावत सुटली, धडकली, पडली, एकमेकांवर चिडली. कोणीतरी खदखदून हसलं. टकळी सरळ रेषेच्या कडेने पळत माझ्यासमोरून गेली. पिवळा शर्ट, पाठीवर निळा आठ. आणि मी पळ, पळ गं, असं ओरडले. आयुष्यात कधी ओरडले नव्हते इतक्या जोरात. भिंगरीसाठी कधी ओरडले नाही, ह्यांचा नियम म्हणून. तिला किती आवडलं असतं. दोरी दोन्ही हातांनी धरून मी ओरडत राहिले आणि मला थांबता येईना. कोणासाठी ओरडत होते ते विचारू नका. मलाच सांगता येणार नाही.

तिचा गोल झाला नाही. बॉल बाहेर गेला. ती वळली, कोण ओरडलं ते बघितलं आणि खेळ चालू असताना धावत दोरीपाशी आली. धापा टाकत होती, गाल लाल झाले होते. शर्टात हात घालून गोळी काढली, माझ्या तळहातावर ठेवली आणि नियम आहे म्हणून पुन्हा पळाली.

ह्यांनी खेळ थांबवला नाही. गोळी देण्यासाठी थांबवत नाहीत. शिट्टी ओठात धरून उभे होते, तोंड माझ्याकडे नव्हतं, पण खांदे हलत होते.

गोळी मी तोंडात टाकली. आंबट होती. चावली नाही, शेवटची शिट्टी होईपर्यंत तशीच धरून ठेवली.

पुढल्या हंगामाला या. आम्हा दोघांनाही तुमची फार गरज आहे, ती असू द्या.

तुमची,
पोस्टमास्तरीण